कार्डाच्या मागचा नंबर

कितीही हट्टी कुलूप असो, मास्टरांच्या हातात आलं की नरम पडायचं. पण एक साधं क्रेडिट कार्ड निवडताना या माणसाने घरादाराला जे दमवलं, त्याला तोड नाही.

दुकान एकच, धंदे मात्र दोन. आत शिरलं की डाव्या हाताला मास्टरांचा किल्ली घट्ट धरायचा शिकंजा, कानशी आणि कोऱ्या किल्ल्यांच्या माळा. उजव्या हाताला त्यांच्या बायकोचं शिलाई मशीन. ती प्रवासाच्या बॅगा दुरुस्त करायची. तुटलेले रनर, उसवलेल्या चेनी, निखळलेली चाकं, सगळं. गल्लीत तिला बॅगावाली ताई म्हणत आणि घरात नुसतं ताई. जग हिंडून आलेल्या बॅगा तिच्या मांडीवरून जायच्या, कडीला विमानतळाच्या चिठ्ठ्या तशाच लोंबत असायच्या, आणि ताई स्वतः कधी विमानात बसली नव्हती. त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. निदान लेकीचा निरोप येईपर्यंत तरी नव्हतं.

लेकीने लिहिलं होतं, मला पुढच्या वर्षी मोठी सुट्टी मिळतेय, तुम्ही दोघं या. ताईने त्यातला ‘दोघं’ हा शब्द मुद्दाम मोठ्याने आणि पुन्हा एकदा वाचून दाखवला.

“पद्धत म्हणून लिहितात तसं,” मास्टर म्हणाले आणि कानस घासत राहिले.

त्याचं असं होतं. लेक त्या शिकंज्यापाशीच लहानाची मोठी झाली. हात बापापेक्षा हलका, कान बापापेक्षा तिखट. पुढे दुकान तीच चालवणार हे मास्टरांनी ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं. ती गेली परदेशी, बिनकिल्लीची कुलपं बनवणाऱ्या कारखान्यात. बोट टेकवलं की दार उघडतं म्हणे. मास्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती निघाली त्या दिवशी त्यांनी हात पुढे केला आणि तिच्याजवळची दुकानाची किल्ली मागून घेतली. तिनेही ती जुडग्यातून सोडवून त्यांच्या हातावर ठेवली. तेव्हापासून बापलेकीचं सगळं बोलणं ताईच्या मार्फत चालायचं. बाबांना सांग, गुडघा शेकत जा. तिला सांग, थंडीचं डोक्याला काहीतरी बांध. दोघांचं टपाल वाहून वाहून ताई दमली होती आणि या नोकरीत तिला ना पगार होता ना रजा.

तेव्हा या खेपेला तिने ठरवलंच. जायचं, आणि यांना घेऊन जायचं.

कार्डाची कल्पना तिच्या धाकट्या भावाची. त्यावर खर्च केला की पॉइंट जमतात आणि पॉइंटांवर विमानाची तिकिटं स्वस्तात निघतात म्हणे. तो शिलाई मशीन विकत गावोगाव फिरायचा आणि गावांपेक्षा त्याला प्रवासाच्या पॉइंटांचंच कौतुक जास्त. एकदा तर पॉइंट वाया जातील म्हणून तो कुठेतरी जाऊन, विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता, फुकटचं सूप पिऊन परत आला होता. त्याने दुकानातल्या बाकावर तीन माहितीपत्रकं पसरली.

“भाऊजी, हे पहिलं एकदम फुकट. वर्षाची फी नाही.”

“फुकट का?” मास्टरांनी लगेच चष्मा लावला. “बँक काय तुझी मावशी लागते?”

“हे दुसरं भारी. फी जबर आहे, पण विमानतळावर आत बसायला सोफा मिळतो.”

“सोफ्यासाठी फी भरायची? अरे, घरी आहे तो सोफासुद्धा तुझ्या ताईने बॅगांनी भरून टाकलाय.”

ताई मशीनवरून उठलीच नाही. दोरा ओवता ओवता तिने भावाला विचारलं, “त्या फुकटवाल्याचे पॉइंट कुठे चालतात?”

“एकाच विमान कंपनीत.”

“ती कंपनी लेकीच्या गावाला जाते?”

भावाने फोनमध्ये पाहिलं. डोकं खाजवलं. जात नव्हती. मग तिसरं उरलं. फी थोडीशी, पॉइंट कुठल्याही विमानाला चालणारे, आणि परदेशात खर्च केला तर चलन बदलण्यापोटी वर काही कापून न घेणारं. ताई म्हणाली, हेच. मास्टरांनी ते भिंगाखाली धरून बारीक अक्षरं वाचायला घेतली. ते वाचन इतकं लांबलं की दरम्यान भाऊ दोन गावं फिरून आला. प्रत्येक ओळीत त्यांना कोणीतरी दबा धरून बसलेला दिसायचा.

“पूर्ण बिल वेळेवर नाही भरलं तर व्याज बघ काय लावतात! चोर आहेत.”

“मग पूर्ण भरा ना,” ताई म्हणाली. “तुम्ही तर दूधवाल्याला महिना संपायच्या आधी गाठून पैसे देता.”

“सुरुवातीला ठरावीक खर्च केला तरच जादा पॉइंट. म्हणजे उधळपट्टी करा!”

“नवा फ्रीज घ्या, सहज होईल,” भाऊ म्हणाला.

“फ्रीज आहे,” ताई म्हणाली. “पॉइंटांसाठी काही घ्यायचं नाही. किल्ल्यांचा माल आणि माझ्या चेनी नाहीतरी घेतोच, त्या कार्डावर घेऊ. झालं.”

झालं कसलं! कार्ड घरी आलं आणि मास्टरांचा दुसरा अंक सुरू झाला. त्यांनी कार्डासाठी खास ड्रॉवर केला आणि त्याला तीन कुलपं बसवली. मग माल घ्यायला गेले आणि कार्ड ड्रॉवरमध्येच. परत आले, तीन कुलपं उघडली, गेले. व्यापाऱ्याच्या मशीनवर नंबर दाबताना हा सहा फुटी माणूस असा काही दुमडून उभा राहायचा की व्यापाऱ्याने एकदा काळजीने विचारलं, पोटात दुखतंय का? भावाने त्यांना चार गोष्टी समजावून दिल्या होत्या. प्रत्येक खर्चाचा संदेश फोनवर येईल असं करून ठेवा. परदेशातला वापर जायची वेळ येईपर्यंत बंद ठेवा. फोनवर आलेला ओटीपीचा आकडा सख्ख्या भावालाही सांगू नका. आणि बँकेतून बोलतोय असा कोणाचा फोन आला तर सरळ ठेवून द्या, मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करा. मास्टरांनी हे सगळं एखाद्या शपथेसारखं मनावर घेतलं. भावालाही सांगायचं नाही, हे तर विशेष आवडीने.

पॉइंट जमले. त्यात दोघांच्या तिकिटांचे निम्मे पैसे सुटत होते. आता फक्त तिकीट काढायचं राहिलं, आणि तिथे गाडी अडली. आज गुडघा दुखतोय. उद्या गिऱ्हाईक येणार आहे. तिकडे थंडी कमी होऊ दे. मग, तिकडे उकाडा कमी होऊ दे. ताईने हे सगळं ऐकून घेतलं, आणि एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही असं पाहून दुकानाचा फोन त्यांच्यासमोर ठेवला. तिने सगळं, परतीची तारीखही अंदाजाने, भरून ठेवलं होतं, शेवटचं बटण तेवढं बाकी होतं.

“दाबा,” ती म्हणाली.

मास्टरांनी हात पुसले. चष्मा पुसला. मग फोनही पुसला. आणि दाबलं एकदाचं.

पडद्यावर चाक फिरायला लागलं. ते फिरतंय तोवर फोन वाजला.

“नमस्कार, आपल्या बँकेतून बोलतेय. आपल्या कार्डावरून आत्ता विमानाच्या तिकिटांचा व्यवहार—”

“आम्ही असल्या फोनला भुलत नाही!” मास्टर गरजले. “दुसरं गिऱ्हाईक बघा!” आणि फोन ठेवून दिला.

छाती फुगली होती. ताईला म्हणाले, “बघितलंस? मला टोपी घालायला निघाली होती.”

पाठोपाठ संदेश आला. नेहमीपेक्षा वेगळा व्यवहार वाटल्यामुळे कार्ड तात्पुरतं थांबवलं आहे. तिकीट निघालेलं नाही. खरं होतं ते. ज्या कार्डाने जन्मात किल्ल्या आणि चेनींपलीकडे काही पाहिलं नव्हतं, त्याने अचानक समुद्रापारची दोन तिकिटं मागितली तर बँकेला शंका येणारच.

मास्टरांनी तो संदेश वाचला. ताई त्यांच्याकडे बघत होती. चिडतील, हात आपटतील असं तिला वाटलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून ती चपापली. परीक्षा पुढे ढकलली गेल्यावर पोरांचा खुलतो, तसा तो चेहरा खुलला होता.

“बघ,” ते हळूच म्हणाले, “योगच नाही.” आणि कानस उचलली.

आता ताई खरी चिडली. तिने मशीन बंद केलं.

“फोन ठेवलात, बरोबर केलंत. माझ्या भावाने तेच सांगितलं होतं. पण त्याने पुढचंही सांगितलं होतं. मागचा नंबर लावायचा. तो का नाही लावत?”

“लावू की. उद्या.”

“उद्या नाही. अहो, तुम्ही बँकेला भीत नाही, चोरांना भीत नाही. तुम्ही आपल्या पोरीला भिता. ती दार उघडेल की नाही, याची भीती वाटते तुम्हाला.”

कानस थांबली. मास्टरांनी शिकंज्यात धरलेली किल्ली सोडवून बाजूला ठेवली.

“उघडेल,” ते म्हणाले. “पण तुझ्यासाठी.”

इतकी वर्षं टपाल वाहिलं, पण आतलं हे पत्र ताईच्या हाती कधी आलंच नव्हतं. तरी ती विरघळली नाही. विरघळली असती तर आणखी एक वर्ष गेलं असतं. तिने कार्ड उलटं करून त्यांच्यासमोर ठेवलं.

“लावा.”

त्यांनी एकेक आकडा बोटाने ठेवून नंबर लावला. मघाच्याच बाई निघाल्या. आवाजात जरा ताठा होता, आणि का नसावा! त्यांनी जन्मतारीख विचारली. मास्टरांनी तोंडावर हात धरून, शिलाई मशीनला ऐकू जाऊ नये अशा बेताने ती सांगितली.

“तिकिटांचा व्यवहार आपणच केला होता का?” बाई म्हणाल्या. “आपण केला नसेल तर नुसतं नाही म्हणा. हे कार्ड कायमचं बंद करते आणि नवीन पाठवते. काही दिवस लागतील.”

म्हणजे पळवाट आयतीच समोर आली. एक ‘नाही’, की गुडघा, थंडी, उकाडा सगळं पुन्हा मोकळं. आता काही बोलायचं नाही, असं ताईने स्वतःला बजावलं.

“मीच केला,” मास्टर म्हणाले. मग कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, “मुलीकडे जायचंय.”

“छान,” बाईंचा ताठा कुठच्या कुठे गेला. “कार्ड सुरू केलंय, तिकीट पुन्हा काढा. परदेशातला वापर सुरू करून ठेवू का? किती तारखेपर्यंत राहणार आहात तिकडे?”

मास्टरांनी ताईकडे पाहिलं. तिने नेहमीसारखं उत्तर पुरवायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा असेल, मिटून घेतलं. दोरा नसलेल्या सुईत ती दोरा शोधायला लागली.

“विचारून सांगतो,” ते बँकेच्या बाईंना म्हणाले.

फोन बंद केला. तो हातातच होता. ताईला वाटलं, आता तो आपल्याकडे येणार. विचार तिला, म्हणणार. पण मास्टरांनी लेकीचा नंबर स्वतः लावला. तो त्यांना पाठ होता, हे ताईला त्या दिवशी कळलं.

घंटा वाजली. दुकानाच्या फोनवरून नेहमी ताईच बोलायची, त्यामुळे पलीकडून आवाज आला, “बोल गं आई.”

“आई नाही,” मास्टर म्हणाले. “मी आहे.”

मग त्यांनी कार्डाचं सगळं रामायण सांगितलं. बँकेची बाई, ठेवलेला फोन, मागचा नंबर. घाईघाईत, मागचं पुढे, पुढचं मागे. “तर ती विचारते, किती तारखेपर्यंत राहणार. तुझ्या सोयीने सांग. चार दिवस म्हणालीस तरी चालेल. काय सांगू तिला?”

“तिकीट निघालं?”

“अजून नाही. आता काढतो. जायचं-यायचं एकदमच.”

“बाबा,” लेक म्हणाली, “इकडे यायचं काढा. परतीचं इतक्यात नका काढू.”