पहिल्यात उचलू की दुसऱ्यात?

मी ट्रकच्या गिअरचा दांडा बोलतोय. बोलतोय खरा, पण तुम्ही कोण हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक हात मनात काहीतरी धरूनच येतो, असा माझा अनुभव आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आता आठवत नाही. आठवतो तो सत्तावन्न सालचा दसरा. त्या दिवशी आमच्या नव्या ट्रकची यवतमाळात पूजा झाली. दोघा भागीदारांनी मिळून तो घेतला होता. बबनराव हे पुसदकडचे कापूसवाले शेतकरी. डोंगरसिंग बंजारा तांड्यावरचा, त्याच्या आजा-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. दोघेही ड्रायव्हर, दोघेही जिवलग दोस्त. एकाने नारळ फोडला, दुसऱ्याने माझ्या मुठीला कुंकू लावलं. एवढं प्रेम पाहून मला तेव्हाच शंका आली.

माझं काम तसं साधं. पहिल्या गिअरात ताकद फार, चाल मुंगीची. दुसऱ्यात ताकद कमी, पण चाल बरी. ओझं पाहून ठरवायचं, गाडी कशात उचलायची, म्हणजे जागची हलवायची. इतकंच. पण माणसं इतकंच कधी करत नाहीत.

बबनरावांची सवय कापसाची. सुटा कापूस भरला की ढीग केबिनच्याही वर जातो, पण वजन बेताचंच. म्हणून ते नेहमी दुसऱ्यातच उचलत. "पयला गिअर म्हाताऱ्याइले ठेवला हाये," असं वर म्हणत. डोंगरसिंगचं उलट. "जनावर आधी पायावर उभं राहू द्यावं, मंग चालवावं," असं म्हणून तो रिकामी गाडीसुद्धा पहिल्यातच काढायचा. मागचे टांगेवाले शिव्या द्यायचे. याला पत्ता नाही.

पुढे राजूरच्या खाणीतून यवतमाळच्या कापसाच्या जिनात कोळसा न्यायचं काम मिळालं. कोळशाने अर्धी बॉडीही भरत नाही, पण चाकांवरचे कमानपाटे, म्हणजे ओझं झेलणाऱ्या स्प्रिंगा, पार सपाट होतात. बबनराव पाटे पाहत नसत. ढिगाची उंची पाहायची, अर्धीच गाडी आहे म्हणायचं आणि मला दुसऱ्यात ढकलायचं! खाली क्लच जळायचा, वास मला यायचा.

क्लचची प्लेट गेली. नवी घातली, तीही गेली. मिस्त्री म्हणाला, "तुमच्यातलं कोनी तरी चुकीच्या गिअरात उचलून राह्यलं."

झालं! दोघं आळीपाळीने खेप करत, त्यामुळे एकाची गाडी उचललेली दुसऱ्याला दिसत नसे. बबनरावांना वाटे, हा बैलासारखी गाडी रेटतो, यानेच घालवली. डोंगरसिंगला वाटे, हा क्लचवर पाय ठेवून झोपतो. हॉटेलात एका बशीत भजी खाणारे दोघे आता वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. मला सगळं ठाऊक होतं. पण दांड्याला विचारतो कोण?

शेवटी एका खेपेला दोघंही निघाले, एकमेकांवर नजर ठेवायला. सकाळी रिकाम्या गाडीवर बबनराव बसले. डोंगरसिंग शेजारून टक लावून बघतोय म्हटल्यावर या गृहस्थांनी मला चक्क पहिल्यात टाकलं! आयुष्यात कधी नाही ते. त्यांच्या हाताला घाम होता.

दुपारी कोळसा भरला. खाणीतून सडकेवर यायला चढ आहे. आता डोंगरसिंगची पाळी होती.

"हाक आता तुहे बैल!" बबनराव म्हणाले.

डोंगरसिंगचा हात पहिल्याकडे आला होता. मला स्पष्ट कळलं. तो थांबला आणि त्याने मला दुसऱ्यात कोंबलं. गाडी थरथरली, जळका वास सुटला, इंजिन बंद पडलं आणि ट्रक मागे घसरू लागला. त्याने उभं राहून ब्रेक दाबला, तरी ओझं थांबेना. बबनराव उडी मारून पळाले, एक धोंडा डाव्या पायाने चाकाखाली सरकवला. गाडी थांबली. मग त्यांची किंकाळी ऐकू आली.

पाय वाचला, पण वाकडा झाला.

दवाखान्यातून घरी न्यायला डोंगरसिंगच ट्रक घेऊन आला. बबनरावांची बायको तानाबाई दोघांच्या मध्ये बसली. माझ्या शेजारीच. ती काही मनात ठेवणारी बाई नव्हती.

"जल्मभर पयल्यात उचलनारा मानूस, आन् नेमका त्याच दिवशी दुसरा? मले त हा डाव वाटते. भागी मोडा आन् मोकये व्हा."

मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

बबनराव समोर बघत होते. "खरं सांग डोंगर. काहून टाकला दुसरा?"

डोंगरसिंगने समोरच्या काचेवरची धूळ बाहीने पुसली. मग म्हणाला, "तू पाहून राह्यलता म्हणून."



"सकाळी मीबी," बबनराव हळूच म्हणाले. "रिकामी गाडी पयल्यात. तू पाहून राह्यलता म्हणून."

डोंगरसिंगने डोळे पुसले, क्लच दाबला आणि हात माझ्यावर ठेवला. पण तो हात जागचा हलेना. "कोनता टाकू?"

"गाडी रिकामी हाये. दुसरा."

"ज्याच्यात पाय गेला त्याच्यातच?" तानाबाई ओरडली.

बबनरावांनी तिच्या पुढून हात घातला, त्याच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून मला दुसऱ्यात नेलं. गाडी लोण्यासारखी निघाली. तानाबाईने पदर तोंडाला लावला.

आज सासष्ट साल आहे. भागी मोडली नाही. बबनरावांना क्लच दाबता येत नाही, म्हणून ते डावीकडे बसतात. निघण्याआधी डोंगरसिंग खाली वाकून कमानपाटे बघतो, वर येऊन ओझं किती ते सांगतो, पाय क्लचवर ठेवतो आणि दोघांचे हात एकदमच माझ्या मुठीवर पडतात. गाडी छान उचलते. नवी प्लेट अजून टिकून आहे.

पण बबनरावांची पकड जरा घट्टच असते. तुम्ही कधी आमच्या ट्रकमध्ये बसलात तर त्या दोन हातांकडे नीट बघा आणि मला सांगा, ही दोस्ती आहे की पहारा? आणि हे मी विचारलं होतं, असं त्यांना मात्र कळू देऊ नका.