इदवल दोनदारे

“आले, आले! दोनदारे आले!” मोदलन आजी पायरीवर बसूनच ओरडली. “काय रे इदवल, दुसरं दार आणलंस, की राजधानीतच विसरून आलास?”

इदवल प्रोसरने टोपी काढली. स्टेशनपासून खिशातल्या किल्ल्या वाजवत तो चालत आला होता, अजूनही वाजवतच होता.

“मंगळवारी कायद्यावर मतदान आहे, आजी.”

“मंगळवार की बुधवार, ते तुझं तू बघ. आम्हाला दार दाखव म्हणजे झालं.”

बेथेल गाव वेल्समधून समुद्र ओलांडून आलेल्या खाणकामगारांचं. त्यात निम्मे जोन्स आणि उरलेले बहुतेक डेव्हिस, त्यामुळे टोपणनावाशिवाय माणूस सापडायचाच नाही. नावं ठेवण्याचा मान मोदलन आजीचा. दूधवाला जोन्स ‘सायवाला’, चॅपेलचा कारभारी डेव्हिस ‘खोकला’. एकदा चिकटलेलं नाव माणसाबरोबर थडग्यापर्यंत जायचं.

इदवलला त्याचं नाव निवडणुकीत मिळालं होतं. चॅपेलच्या अंगणात उभं राहून त्यानं शब्द दिला होता, “प्रत्येक खाणीला बाहेर पडायची दोन तोंडं असलीच पाहिजेत. तसा कायदा करूनच येईन!” बेथेलच्या खाणीला एकच तोंड होतं. तिथं आग लागली तेव्हा त्याचा बाप आतच राहिला. दोघं भाऊ नुकतेच बोटीतून उतरले होते. थोरल्या एम्लिननं बापाची कुदळ उचलली आणि धाकट्याला म्हणाला, “तू कायदा शीक.” इदवल शिकला. वकिलाच्या कचेरीत झाडू मारता मारता इंग्रजी शिकला, सनद मिळवली, खाणवाल्यांशी कोर्टात भांडला. गावानं त्याला राज्याच्या विधिमंडळात पाठवलं.

तिथल्या पहिल्याच भाषणात बापाची आठवण निघाली आणि त्याचा आवाज चढत चढत सुरात गेला. चॅपेलमध्ये असंच होतं. प्रवचन रंगात आलं की बोलण्याचं गाणं होतं, आणि ते कुणाला वेगळं वाटत नाही. सभागृहात मात्र बाकं वाजली. “आमेन! आमेन!” करून मंडळी पोट धरून हसली. त्या दिवसापासून इदवल खालच्या पट्टीत बोलू लागला. सभागृहापेक्षा व्हरांड्यात जास्त बोलू लागला, आणि कामं होऊ लागली.

आता सभापतींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “जुन्या खाणी वगळा. नव्यांपुरता कायदा मंगळवारी मंजूर करून देतो, वर खाण समितीचं अध्यक्षपद तुम्हाला. हट्ट धराल तर सगळंच बुडेल.”

जेवताना त्यानं हे एम्लिनला सांगितलं. सांगताना दोनदा उठून खिडकीपाशी गेला.

“नव्या खाणींत माणसंच उतरणार ना?” एम्लिननं पावाचा तुकडा रश्शात बुडवला.

“माणसंच की.”

“मग त्यांचं भलं होईल.”

“आणि तुमचं?”

“आम्ही जातो, येतो. इतकी वर्षं येतोच आहोत.” एम्लिननं मान वर केली. “इदवल, तू मला विचारतोयस की सांगतोयस?”

इदवल पुन्हा उठला.

संध्याकाळी चॅपेलमध्ये म्हाताऱ्या प्रिदरो उपदेशकांनी बायबलमधल्या महापुरातलं नोहाचं तारू प्रवचनाला घेतलं. आधी साधंच बोलले, लाकूड किती, डांबर किती. मग आवाज थरथरला, एक पायरी चढला, आणखी एक चढला, आणि त्यांनाही कळलं नसेल असा सूर लागला. सगळं चॅपेल त्याखाली हलकेच घुमू लागलं.

“एकच दार होतं, माझ्या लेकरांनो, एकच! आणि ते देवानं आपल्या हातानं लावलं. बाहेरून देवाचा हात होता, म्हणून आत कुणी भ्यालं नाही! आपल्या दारावर, माझ्या लेकरांनो, कुणाचा हात आहे?”

बायका रडत होत्या. इदवलच्या गळ्याशीही तोच सूर आला. त्यानं तो गिळला, आणि ठसका लागून बाहेर जाऊन उभा राहिला.

मंगळवारी तो खालच्या पट्टीत बोलला. कुणी हसलं नाही. नव्या खाणींपुरता कायदा मंजूर झाला. लोकांनी त्याचे हात हातात घेतले, अध्यक्षमहाराज म्हणून खुर्ची पुढे केली. जुन्या खाणींचं पुढच्या अधिवेशनात बघू, असं तो प्रत्येकाला सांगत राहिला. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगत राहिला.

पुढच्या रविवारी तो गावी आला. मोदलन आजी पायरीवर होती. त्याला पाहून ती गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. ती कधी कुणासाठी उठली नव्हती.

“या, मिस्टर प्रोसर.”

इदवल थांबला. पुढचा टोमणा येईल म्हणून वाट पाहिली.

“आजी, अहो, ते दार…”

“ऐकलं आम्ही. नव्या खाणींना झालं. चांगलं झालं हो. कुणाच्या तरी लेकरांना झालं.” तिनं शालीच्या पदरानं पायरी पुसली. “बसा ना.”

चॅपेलमध्ये ‘खोकला’ डेव्हिसनं मानकऱ्यांच्या बाकाचं छोटं फाटक त्याच्यासाठी उघडलं. प्रत्येकानं अदबीनं वाट दिली. “मिस्टर प्रोसर.” “मिस्टर प्रोसर.” कुणाच्याही आवाजात राग नव्हता.

सोमवारी पहाटे तो एम्लिनबरोबर खाणीपर्यंत गेला. माणसांनी टोप्या काढल्या. एम्लिननं काढली नाही. खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात चढून त्यानं नुसता कंदील उंच केला, आणि उजेड खाली गेला.

सकाळची गाडी इदवलनं सोडली. दुपारचीही सोडली. मुकादम दोनदा येऊन म्हणाला, “साहेब, आत कचेरीत बसा.” तो बसला नाही. खाणीच्या तोंडाशी कोळशाच्या धुळीनं भरलेला लोखंडी कठडा होता, त्यावर हात ठेवून उभा राहिला. किल्ल्या खिशातच होत्या, त्या वाजल्या नाहीत.

पाळी सुटली. पिंजरा वर आला, माणसं बाहेर पडली. सगळ्यांत शेवटी एम्लिन आला.

“काय रे, गाडी चुकली?”

“चुकली.”

एम्लिनचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. “काळा झालाय.”

त्यानं कमरेचं फडकं काढून पुढे केलं. मग ते त्या हातापेक्षा काळं आहे हे पाहून पुन्हा कमरेला खोचलं, आणि दोघे घराकडे चालू लागले.