बटाटेरावांचा दोरा

त्या गुरुवारी सेरंगूनच्या एका फ्लॅटबाहेर एवढ्या चपला साचल्या होत्या, की शेजारच्या चिनी आजींनी कॉरिडॉरमधल्या कुंड्या आत घेतल्या. आत चाळीस मराठी माणसं, दोन पंखे आणि मधोमध देशातून व्हिजिट पासवर, म्हणजे पाहुण्याच्या परवान्यावर, आलेले सूत्रानंद महाराज. गाठ कुठेही असो, इलाज एकच. दोरा.

"शरीर म्हणजे चरखा," महाराज डोळे मिटून सांगत होते. "गाठ म्हणजे उलटा पीळ. सर्जन गाठ कापतो, आम्ही पीळ काढतो. परदेशात यालाच क्वांटम म्हणतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यातले निम्मे आयटीतले मॅनेजर होते, बरं का.

पद्धत सोपी. महाराजांचा पिवळा दोरा घरी न्यायचा, गाठीभोवती गुंडाळायचा, टोकं जुळतील तिथे कापायचा आणि परत आणून द्यायचा. तांब्याच्या पट्टीवर त्याच्या लांबीची खूण करायची. मग दोरा आठवडाभर मंतरलेल्या पाण्यात. पुढच्या गुरुवारी तो खुणेशी धरला की आखूड भरायचा. दोरा आखडला, म्हणजे गाठ आखडली. अट एवढीच, की मधल्या काळात गाठीला हात लावायचा नाही. "हात लावला की ती रुसते."

आमच्या शैलेंद्रमामाचा दोरा आज नऊ सेंटिमीटरचा आठ भरला होता. टाळ्या पडल्या.

मामा मरीन इंजिनीअर. एक जहाज सोडून दुसरं धरेपर्यंत आमच्याकडे बिशानला राहतो. त्याची गाठ वृषणाजवळ होती. हा शब्द मी मुद्दाम शोधून काढलाय, कारण आमच्या घरात त्याला 'तिथे' म्हणतात. आई फोनवर "शैलूला तिथे..." एवढं बोलायची आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर चालू करायची. आठवडाभर आमच्याकडे चटण्याच चटण्या.

पंधरा दिवसांनी मामा सहा महिन्यांसाठी जहाजावर जाणार होता. डॉक्टरला न दाखवता.

"मामा, पण हाताला लहान लागते का?" मी विचारलं.

"हात लावायचा नाहीये ना."

"ऋता, काय विचारतेस मामाला," आई म्हणाली.

मला मजाच वाटली. मापायचा दोरा, आणि जी मापायची ती गाठ कोणी बघायचीच नाही. आमच्या फिजिक्सच्या सरांनी अशा प्रयोगाला शून्य दिलं असतं.

मी महाराजांपुढे वाकले. "आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. फार लाजाळू. दोन दोरे द्याल? एक चुकला तर असावा."

"लाज हाच पहिला पीळ," महाराज म्हणाले आणि दोन दोरे दिले.

त्याच रात्री एक दोरा कापून मी परत नेऊन दिला. पुढच्या गुरुवारी माझ्या गृहस्थांचा दोरा पाण्यातून निघाला. सोळा सेंटिमीटरचा साडेचौदा.

"मूळ सुटलं," महाराज म्हणाले. "त्यांना सांग, महिन्याभरात नाहीशी होईल."

"तुम्हीच सांगा ना. आलेत ते." मी शाळेच्या बॅगेतून बटाटा काढला. "हे बटाटेराव."

भिजलेला दोरा त्याच्याभोवती गुंडाळला. टोकं जुळेनात.

"बटाटा सुकला असेल," मागून कोणीतरी म्हणालं.

"सुकला असता तर दोरा उरला असता, काका. इथे कमी पडतोय." मी कंपास पेटीतून दुसरा दोरा काढला. तेवढाच कापलेला, पण कोरडा ठेवलेला. तो गुंडाळला. टोकाला टोक भिडलं. "बटाटा होता तेवढाच आहे. आखडला तो दोरा."

महाराज म्हणाले, "बाळ, श्रद्धेची परीक्षा भाजीवर घेत नाहीत."

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. मामा मात्र हसला नाही. त्याने दोरा बोटांत धरून पीळ उलगडून पाहिला. "घट्ट पिळाचा कोरा सुती दोरा," तो हळूच म्हणाला. "कॅडेट होतो तेव्हा जहाजाचे मनिला दोर भिजले की आखडायचे. पावसाआधी ते सैल करायला आम्हीच धावायचो. मला हे माहीत होतं, ऋता."

लिफ्टपाशी तो थांबला. "दोरा खोटा निघाला. म्हणजे गाठ तेवढीच आहे."

"हो."

"काढून टाकतील गं सगळं. मग जहाजावर मी कोण?"

"सेकंड इंजिनीअर, ला," मी इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाले.  तो लिफ्टमध्ये शिरला, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेला.

डॉ. येओंनी आधी हाताने तपासलं. रुसली नाही ती. मग टॉर्च लावून पाहिलं. आत नुसतं पाणी असतं तर प्रकाश आरपार गेला असता. गेला नाही, म्हणजे गाठ भरीव. मग सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या. नंतर मामाला विचारून त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं: गाठ वृषणात नाही, त्यामागच्या नळीच्या गुंडाळीत दिसतेय. तिथल्या भरीव गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात. "पण बहुतेक म्हणजे नक्की नाही," ते म्हणाले.

ऑपरेशनला जांघेतून छेद घेतला. मामा टेबलावर असतानाच गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला. बाहेर आईकडे चालू करायला मिक्सर नव्हता. अर्ध्या तासाने डॉक्टर आले. अ‍ॅडिनोमॅटॉइड ट्यूमर. दुर्मिळ, पण कॅन्सर नाही. फक्त गाठ काढली, बाकी सगळं जागच्या जागी.

गाठीचा घेर? नऊ सेंटिमीटर. एक केसभरही कमी नाही.

ते जहाज मामाशिवाय गेलं. दोन महिन्यांनी दुसरं मिळालं. बटाटेरावांच्या काचऱ्या आईने केल्या.

महाराजांचा दोरा साधा होता. खरी करामत होती ती 'हात लावू नका' या तीन शब्दांत, आणि तिला पाणी घातलं आपल्या लाजेने. तेव्हा काका-मामा-दादांनो, आंघोळ करताना स्वतःच हात लावून बघत जा. काही लागलं, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. आणि कोणी चमत्कार दाखवायला आलाच, तर आधी त्याच्या हातात एक बटाटा द्या.