मागच्या काचेवरचं स्टिकर

दाढीचं पातं दोन बोटांत धरून लायल ब्रँड्ट आपल्या पिकअप ट्रकच्या मागच्या काचेवरचं युनिव्हर्सिटीच्या नावाचं स्टिकर खरवडत होता. पातं घसरलं की काच करकरायची आणि त्याचे दात शिवशिवायचे. अर्ध्या तासात नावातली पहिली चार अक्षरं निघाली. निघाली म्हणजे काय, त्यांचा पांढुरका चिकट ठसा जागच्या जागीच होता, आणि उरलेलं नाव तर ठणठणीत. मार्चमध्ये त्यानं स्वतःच्या हातानं, साबणाचं पाणी लावून, एकही बुडबुडा न ठेवता ते चिकटवलं होतं. तेव्हाचं चोख काम आता अंगाशी आलं होतं.

मेची पहिली तारीख, त्यात रविवार. थोड्या वेळात लोक चर्चमधून परतणार होते, म्हणून तर ही घाई. उद्या शाळेत बारावीची सगळी पोरं पुढे ज्या कॉलेजात जाणार त्याच्या नावाचे शर्ट घालून येणार, जिममध्ये त्यांचा फोटो निघणार, आणि त्या फोटोत त्याची पोरगी थिया कम्युनिटी कॉलेजचा शर्ट घालून उभी राहणार. हायवेपलीकडचं, ट्रॅक्टरच्या शोरूमशेजारचं कम्युनिटी कॉलेज. कुणीही उठावं आणि तिथे नाव घालावं. फोटोत ते नाव आणि बापाच्या ट्रकवर युनिव्हर्सिटीचं, म्हणजे गावाला आयतीच करमणूक.

गावात रीतच होती. पोर युनिव्हर्सिटीत गेलं की आईबापाच्या गाडीवर नाव चढायचं. पण बाकीचे लोक आधी पोराला विचारतात. लायलला तेवढा धीर कुठला? युनिव्हर्सिटीचं प्रवेशाचं पत्र आलं त्याच संध्याकाळी तो स्टिकर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी धान्याच्या कोठारावर, जिथे तो शेतकऱ्यांचे ट्रक वजनकाट्यावर घ्यायचा, सगळ्यांनी ते पाहिलं.

"काय लायल, आता तुला साहेब म्हणायचं का आम्ही?"

"म्हणा की, मी कुठे नको म्हणतोय," असं म्हणून तो दिवसभर हसत होता. इतका की संध्याकाळी गाल दुखले. तो स्वतः कुठल्याच कॉलेजात गेला नव्हता. पण ऑगस्टमधला तो दिवस त्यानं मनात कितीदा तरी पाहून ठेवला होता. थियाच्या होस्टेलचा जिना, आपल्या खांद्यावर छोटा फ्रिज, आणि मागून येणारी ती, "बाबा, जपून" म्हणणारी.

आणि काल सकाळी तिनं सांगितलं, युनिव्हर्सिटीत जायचं नाही. ती दोन वर्षं शनिवार-रविवार जनावरांच्या दवाखान्यात काम करत होती. गायीगुरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचा दोन वर्षांचा कोर्स कम्युनिटी कॉलेजात होता, दोनशे अर्जांतून चोवीस जणांना घेतलं होतं आणि त्यात तिचा नंबर होता. त्या निवडीचं पत्र तिनं तीन आठवड्यांपूर्वीच फ्रिजवर चुंबकाखाली लावलं होतं. लायलनं त्याच चुंबकाखाली, त्या पत्रावर, पिझ्झाच्या दुकानाचं कूपन लावून टाकलं. चुकून लावलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. बायको मर्ना आज सकाळी वृद्धाश्रमातल्या ड्यूटीवर निघताना म्हणाली, "शिकायचं तिला आहे, लायल. ट्रकला नाही."

"काय रे, रविवारचं काय काढलंस हे?"

समोरच्या घरातला डेल क्रूगर रस्ता ओलांडून आला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, बियाणं विकून निवृत्त झालेला. त्याच्या पोर्चवर थोरल्या मुलाच्या युनिव्हर्सिटीचा झेंडा बारा वर्षं फडकत होता, फाटला की नवा यायचा. डेलला कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं तर आवाज चढवावाच लागे.

"स्टिकर काढतोय," लायल मोठ्यानं म्हणाला.

"का रे बाबा?"

इथे खरं बोलायला कितीसे शब्द लागले असते? पण लायलच्या जिभेवर दुसरंच तयार होतं.

"वाकडं लागलं होतं. नवीन मागवलंय, मोठं."

"म्हणजे पोरीचं ठरलं म्हण."

"ठरलं की. युनिव्हर्सिटीच. दुसरं काय असणार?"

डेलनं मान डोलावली. काचेवरच्या नावाकडे त्यानं जरा तिरकं होऊन पाहिलं. ते सरळ रेषेत होतं, अगदी दोरी लावल्यासारखं. "शाब्बास," एवढंच म्हणून तो आपल्या घराकडे वळला.

लायल पुन्हा काचेकडे वळला आणि गॅरेजच्या दारात त्याला थिया दिसली. तिच्या हातात केस वाळवायचा ड्रायर होता आणि वायरचं भेंडोळं. ती किती वेळ उभी होती हे विचारायची गरज नव्हती. इतक्या मोठ्यानं बोललेलं कोपऱ्यावरच्या घरातही गेलं असेल.

"पात्यानं ओरखडे पडतील काचेला," ती म्हणाली. "गरम केलं की अख्खं निघतं. तेच सांगायला आले होते."

"हो का," लायल म्हणाला. त्याचे कान तापले होते. पातं त्यानं मुठीत लपवलं, जसं काही तेच पकडलं गेलं होतं.

"पण आता राहू दे," थिया म्हणाली, आणि ड्रायर तसाच घेऊन आत गेली.

मर्नानं सकाळीच करून ठेवलेलं बटाटा-चीजचं कॅसरोल दोघांनी दुपारी उशिरा, चारच्या सुमारास गरम करून घेतलं. थियानं बापाला वाढलं, मग स्वतःला. चार घास झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी युनिव्हर्सिटीला हो म्हणते. पाच वाजेपर्यंत मुदत आहे. ऑनलाइन ते होकाराचं बटण दाबून टाकते."

आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, लायलला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. तो जिना, तो फ्रिज, सगळं एका झटक्यात परत आलं. मग त्यानं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं काट्यानं बटाट्याचे तुकडे केले होते, बारीक बारीक, आणि एकही खाल्ला नव्हता.

"एकदम कसं काय?" त्यानं विचारलं.

"एकदम नाही. डेलकाकांना सांगितलंयस ना तू."

"त्याचं काय एवढं. मी आपलं..."

"तुला खाली बघायला लागावं असं नाही करायचं मला, बाबा. काट्यावर रोज तीच माणसं येतात तुझ्याकडे." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला रागावता तरी आलं असतं. "युनिव्हर्सिटीचा शर्ट घेईन उद्या वर्गातल्या पेग्गीकडून. तिच्याकडे दोन आहेत."

"बरं," लायल म्हणाला.

बरं म्हणाला तो. थियानं ताट उचललं, खरकटं डब्यात टाकलं, आणि ती वर तिच्या खोलीत गेली.

लायल पाणी घ्यायला उठला. फ्रिजवर पिझ्झाचं कूपन एकटंच लटकत होतं. त्यानं ते उचलून पाहिलं, खाली काही नव्हतं. चोवीस जणांतलं ते पत्र पोरीनं काढून नेलं होतं. खालचा कागद बिनबोभाट काढून घेतला होता आणि बापाचं कूपन त्याच चुंबकाखाली जसंच्या तसं परत लावलं होतं. लायल कूपन हातात घेऊन उभा राहिला. त्याची मुदतही फेब्रुवारीत संपली होती. आपण असले कसले बाप, असं त्याच्या मनात आलं, आणि ते जाईना.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

वर जाऊन तिला सांगावं, पोरी, तुला हवं ते कर? जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर तो थांबला. ती हो म्हणेल, मान हलवेल, आणि करायचं तेच करेल. सकाळी बाप काय बोलला ते तिनं ऐकलं होतं. आता बंद दाराआड कानात सांगितलेल्या गोष्टीला कोण किंमत देणार? जे चारचौघांत मोठ्यानं बोलला, ते मोठ्यानंच परत घ्यायला हवं होतं. पण नेमकं डेलकडे जायचं?

कारण डेलचं आणखी एक होतं, आणि ते लायलला सकाळपासून टोचत होतं. नऊ वर्षांपूर्वी डेलचा धाकटा, कर्ट, त्याच कम्युनिटी कॉलेजात डिझेल इंजिनं शिकायला गेला होता. तेव्हा बाहेर, याच ट्रकशेजारी उभं राहून लायल म्हणाला होता, "तेरावीच म्हणा ना. फरक एवढाच, सिगारेट ओढली तर मास्तर रागवत नाहीत." शेजारी उभी असलेली दोघं-तिघं पोट धरून हसली होती. डेल हसला नव्हता. त्याला ऐकू आलं नसेल असं धरून लायल गप्प राहिला, आणि पुढे कोठारावरही त्यानं तो विनोद दोन-चारदा वापरला. आता गेली पाच वर्षं कोठारावरची मशिनं बंद पडली की कर्टलाच बोलावत. तो यायचा, तासाभरात सुरू करून द्यायचा आणि लायलला "काका" म्हणायचा.

लायल जिन्यावरून उतरला आणि दार उघडून रस्ता ओलांडून गेला.

डेल पोर्चच्या पायरीवर बसून लोण्याच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोची रोपं लावत होता. लायल पायरीपाशी न जाता खाली गवतातच उभा राहिला. थियाची खिडकी रस्त्याच्या बाजूला होती, आणि उघडी होती. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"डेल, सकाळी मी खोटं बोललो तुमच्याशी."

"आँ?"

देवानं सूड घ्यायचाच ठरवला होता. लायलनं श्वास घेतला आणि कोठारावर ट्रकवाल्यांना हाक मारतो तशा आवाजात म्हणाला, "मी खोटं बोललो. थिया युनिव्हर्सिटीत जात नाहीये. कम्युनिटी कॉलेजात चाललीय, जनावरांच्या कोर्सला. चोवीस जागा होत्या, त्यातली एक तिनं मिळवलीय. स्टिकर वाकडं नव्हतं. मला लाज वाटली म्हणून काढत होतो."

कोपऱ्यावरची बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, ती थांबली. लायलच्या मानेवरून घाम ओघळला. बोलून झाल्यावर मोकळं वाटतं म्हणतात, त्याला तसं काही वाटलं नाही.

डेलनं रोपाभोवतीची माती अंगठ्यानं दाबली. एक डबा बाजूला ठेवला, दुसरा घेतला.

"तेरावी," तो म्हणाला.

"सिगारेट ओढली तर मास्तर रागवत नाहीत म्हणे तिथे."

नऊ वर्षांत त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. लायलला वाटलं, जमीन दुभंगावी. "डेल, ते मी..." तो म्हणू लागला.

डेलनं डबा उचलून त्याच्या हातात दिला. "घे. दोन झाडं पुरे होतील तुम्हाला. ऊन लागेल असं ठेव." आणि मग, माती झटकत, "कर्टला सांगतो मी. पहिल्या आठवड्यात पोरांना तिथे गाडी कुठे लावायची कळत नाही. दाखवेल तो तिला."

लायलनं मान हलवली. डबा दोन्ही हातांत धरून तो उभा होता, आणि तेवढ्यात मागे काहीतरी घूं करून सुरू झालं. कुणी गवत कापायचं यंत्र काढलं असेल असं त्याला आधी वाटलं. डेलचं त्याच्या खांद्यावरून पलीकडे लक्ष गेलं, म्हणून तोही वळला.

थिया ट्रकच्या मागच्या हौद्यात चढून काचेपाशी गुडघ्यांवर बसली होती. गॅरेजमधून ओढून आणलेली लांब वायर अंगणभर पसरली होती. एका हातात ड्रायर धरून ती उरलेल्या अक्षरांवरून सावकाश फिरवत होती आणि दुसऱ्या हाताच्या नखानं कडा उचलत होती. घराकडे, रस्त्याकडे, बापाकडे तिनं पाहिलं नाही. नावाचा शेवटचा तुकडा अख्खा सुटून तिच्या बोटांना चिकटला.

लायल रस्ता ओलांडून परत गेला. रोपांचा डबा त्यानं पायरीवर उन्हात ठेवला आणि वायरला गाठ पडली होती ती सोडवायला बसला.