अफ्राची एकवीस अंडी

हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा आग्रहही नाही. म्युनिकच्या बाजारात खऱ्या गोष्टीला गिऱ्हाईक नेहमीच कमी. तर ही अंडीवाल्या अफ्राची गोष्ट.

फाशिंगच्या मंगळवारी, म्हणजे ईस्टरआधीचे उपास लागायच्या आदल्या दिवशी, अकराच्या ठोक्याला बाजारातल्या बायका गाळे सोडून मंचावर नाचतात. अंगावर आपापला माल मिरवायचा, आणि तो खराच हवा; प्लास्टरची काकडी लावून आलेलीला वर्षभर टोमणे. नाचताना जिचा माल खाली पडेल, तिची रवानगी मागच्या रांगेत, बँडच्या भल्या मोठ्या पितळी भोंग्यामागे. तिथे तिची टोपीसुद्धा कुणाला दिसत नाही. अफ्रा बत्तीस वर्षं पुढच्या रांगेत नाचत आलेली, पण मागच्या साली गिरकी घेताना तिची तीन अंडी फुटली. पहिलीच चूक म्हणून सोडून दिलं.

"अफ्रे, यंदा एक जरी पडलं ना," मुळेवाली नोटबुर्गा म्हणाली, नाच बसवायची तीच, "तर मरेपर्यंत भोंग्यामागे."

"अगं, उकडून लावणार आहे मी."

"उकडलेलं पडलं तरी पडलंच."

अफ्राची झोप उडाली. तिने गावाकडच्या वहिनीला, क्रेसेंझला, निरोप धाडला: एकवीस अंडी उकडून पाठव. मंगळवारी सकाळी दुधाच्या गाडीतून टोपली आली, लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेली, अजून कोमट. अफ्राने एकेक अंडं फळीवर फिरवून पाहिलं. कच्चं अंडं डगमगतं, उकडलेलं भोवऱ्यासारखं फिरतं. अंडीवाल्याच्या घरात हे पोराला चालायच्या आधी कळतं. एकवीसच्या एकवीस भोवऱ्यासारखी फिरली. तिने टोपीवर गवताचं घरटं बांधलं आणि अंडी डिंकाने पक्की बसवली.

पहिल्याच पोल्का-नाचात कानाशी टकटक सुरू झाली. तिला वाटलं, ढोल. ढोल थांबला, टकटक थांबेना. वर बघावं तर माल पडायची भीती, न बघावं तर जीव राहीना.

"ओटिली," ती शेजारच्या चीजवालीला कुजबुजली, "माझ्या टोपीत काय चाललंय बघ ना."

"बोलू नकोस, ताल चुकतोय माझा." मग जरा वेळाने, "अफ्रे, तुझी टोपी माझ्याकडे बघतेय."

झालं होतं असं, की वहिनीने घाईत उबवायला बसलेल्या कोंबडीखालची टोपली पाठवली होती. पिल्लू भरत आलं की तेही अंडं उकडल्यासारखंच फिरतं. दुसऱ्या कुणीही एक फोडून पाहिलं असतं. अंडीवालीच तेवढी फिरवण्यावर विसंबली.

पहिलं पिल्लू टोपीवरून मंचावर उतरलं. नोटबुर्गाने हात वर करून बँड थांबवला.

"माल पडला."

"पडला कुठे? उतरला," अफ्रा म्हणाली. "तुझा मुळा उद्या स्वतःच्या पायांनी घरी गेला, तर तू त्याला पडला म्हणशील?"

खाली गर्दी पोट धरून हसत होती. नोटबुर्गाने पिल्लाकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं, खूप वेळ विचार केला.

"पाय आहेत खरे," ती म्हणाली. "राहा पुढे."

मग काय, एकवीसही पिल्लं उतरली आणि अफ्रासमोर रांगेत उभी राहिली. अफ्रा डावीकडे वळली की पिल्लं डावीकडे. पायच आखूड, म्हणून बँडने चाल निम्म्यावर आणली. एकाचा ठेका चुकला तर त्याला बाकीच्यांनी टोचून सरळ केलं. आणि बत्तीस वर्षांत मिळाली नव्हती एवढी टाळी अफ्राला पुढच्या रांगेत उभ्या उभ्या...

"थांब रे म्हाताऱ्या," माझ्या शेजारी बाकावर मुळ्याच्या चकत्या करत बसलेली नोटबुर्गा सुरी खाली ठेवत मला म्हणाली. "पिल्लांचं मी सोडून देते. पण पुढच्या रांगेत? त्या मंगळवारी चार अंडी फुटली होती तिची. हाताला धरून मीच तिला भोंग्यामागे नेऊन उभी केली."