चार किलोंचा कडता

मी एक जुना लोखंडी काटा आहे. घोलवडच्या एका चिकूच्या वखारीत, पाण्याच्या माठाशेजारी उभा असतो. मित्रांनो, काट्याच्या जन्माला आलेल्याला एकच काम असते, खरे सांगणे. त्यामुळे आमच्या जातीला मित्र कमी. मी मात्र सात महिने एका बाईला खोटे सांगत राहिलो, आणि त्या सात महिन्यांत माझ्यावर जेवढी माया झाली तेवढी उभ्या आयुष्यात झाली नाही. ती हकीकत सांगतो.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यातला. खाली चौकोनी पत्रा, मागे उभा खांब आणि खांबाच्या डोक्यावर आकडे कोरलेली पितळी दांडी. पत्र्यावर माल ठेवायचा, दांडीवरचे वजन सरकवत न्यायचे, दांडी मधोमध तरंगायला लागली की आकडा वाचायचा. घोलवडला आलो तेव्हा चिमणकाका नावाचे मापाडी होते. चिकू त्या काळी लाकडी खोक्यांत जायचा. रिकामे खोके चार किलोंचे. दर खेपेला खोक्याचे वजन वजा करावे लागते, त्याला आमच्याकडे कडता म्हणतात. चिमणकाकांना कष्टाचा कंटाळा नव्हता, वजाबाकीचा होता. त्यांनी माझ्या दांडीच्या टोकाला, आतल्या अंगाने, शिशाचा सुपारीएवढा तुकडा तारेने बांधून टाकला. आमच्या यंत्रात एवढीशी सुपारी चार किलोंना भारी पडते. त्या दिवसापासून मी चार किलो आधीच वजा करून आकडा दाखवू लागलो. खोके ठेवा, वाचा, तो आकडा निव्वळ चिकूचा. माझी कीर्ती पार उंबरगावपर्यंत गेली.

मग लाकडी खोकी गेली, प्लास्टिकचे क्रेट आले. क्रेटबरोबर विजेवरचा काटा आला. चिमणकाका वारले. शिसे तसेच राहिले. मला माठाकडे सरकवले आणि माझ्या खांबावर बायका डब्याच्या पिशव्या अडकवू लागल्या. एका काट्याला याहून मोठे निवृत्तिवेतन मिळत नाही.

मला पुन्हा कामाला लावले संगिताने. ती शेजारच्या चिखले गावची. वखारीत चिकू निवडायला बसते. आता निवडणाऱ्या बाईचे काय होते, ऐका. कडक चिकू दिल्लीच्या गाडीत जातो. पिकलेला दिल्लीपर्यंत टिकत नाही, तो निवडणारीच्या पोटात जातो. फुकट, गोड आणि हाताशी. वर्षानुवर्षे दिल्लीने नाकारलेला सगळा माल संगिताने पदरात घेतला होता.

तिच्या बेंबीशी एक फुगवटा आला होता. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितले, हर्निया आहे, ऑपरेशन करावे लागेल, पण एवढ्या वजनावर टाके धरणार नाहीत. नव्वदच्या आत या, मग तारीख देतो. आणि तोपर्यंत जड उचलायचे नाही. निजल्यावर आत जाणारा फुगवटा कधी आत गेलाच नाही, दुखून उलट्या झाल्या, तर एक मिनिट न थांबता निघायचे. त्यात जीव जाऊ शकतो.

वखारीतल्या विजेच्या काट्यावर लाल आकडे वीतभर उंच दिसतात. त्यावर उभे राहणे म्हणजे आपले वजन गावाला दवंडी पिटून सांगणे. म्हणून ती माझ्याकडे आली. सोमवारी सकाळी, चपला काढून, देवळाची पायरी चढावी तशी चढली. दांडी अठ्ठ्याण्णववर तरंगली.

"काय गं, काट्याची पूजा करतेस का?" शेजारी निवडायला बसणारी पुष्पा ओरडली.

"तू तुझे चिकू बघ."

"नव्वद झाली की सांग हां. पेढे वाटू." पुष्पाने जरा विचार केला. "नको, पेढे नको. काकडी वाटू."

तुम्ही हिशेब केला असेलच. खरे तर ती एकशेदोन होती. मला ते ठाऊक होते. पण आम्हाला तोंड नाही, दांडी आहे, आणि दांडीला सुपारी बांधलेली.

संगिताने पिकलेला चिकू सोडला. हे वाक्य लिहायला सोपे आहे. तुम्ही दिवसभर पेढ्यांच्या ढिगात बसून हात कोरडा ठेवून बघा. चिखल्याहून येताना रिक्षा सोडली, चालत येऊ लागली. भात अर्ध्यावर आणला. सत्त्याण्णव, पंच्याण्णव, ब्याण्णव. दर सोमवारी ती उतरताना माझ्या खांबावर थाप मारायची आणि पदराने दांडी पुसायची. मी चमकत होतो आणि आतून गंजत होतो.

सात महिन्यांनी दांडी एकोणनव्वदवर तरंगली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुष्पाने खरोखरच काकडी चिरून वाटली. संगिता नवी साडी नेसून डहाणूला गेली.

तिथल्या काट्याने त्र्याण्णव सांगितले.

"नव्वदच्या आत म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, सोमवारी एकोणनव्वद होतं."

"आज गुरुवार आहे," डॉक्टर म्हणाले. वाईट माणूस नव्हते ते. पण रांगेत मागे बारा जण होते आणि ते बाराही हसले.

हे मला पुष्पाच्या तोंडून कळले. संगिताने कोणाला काही सांगितले नाही. तीन दिवसांत चार किलो वाढतात, याचा अर्थ आपल्या अंगातच खोट आहे, असे तिने मनाशी धरले. कोणत्याही माणसाला हे आधी सुचते. काट्यात खोट असेल हे शेवटी सुचते. आणि खोट असलेला काटा, म्हणजे मी, चार हातांवर उभा होतो.

पुढचे चार महिने ती पाणी प्यायला माठाकडे आली तरी माझ्याकडे पाठ करून प्यायची. पहिला चिकू तिने फक्त चाखून बघितला. दुसरा पहिल्याला सोबत म्हणून. रिक्षा पुन्हा दारात येऊ लागली. मधे कैनाडला भाचीचे लग्न झाले. लोक लग्नाला दोष देतात. लग्न दोन दिवसांचे असते हो. बाकी चार महिन्यांचे खाणे तिच्या स्वतःच्याच हातचे.

मग तो दिवस आला. ट्रक दारात उभा, स्टेशनवर दिल्लीच्या गाडीची वेळ होत आलेली, भरणारा एक गडी आलेला नाही. प्रविणशेठ, म्हणजे वखारीचे मालक, नुसते घड्याळाकडे बघून येरझाऱ्या घालत होते. संगिता उठली आणि तिने क्रेट उचलला. दुसरा उचलला. तिसरा हातातून सुटला, चिकू चारी दिशांना पळाले, आणि ती पोट धरून खाली बसली.

"आत जात नाही गं," ती म्हणाली. "दगड झालाय."

बुधीबाई, वखारीतली सगळ्यात जुनी बाई, लगेच पुढे आली. तिने गोणपाट पसरले, संगिताला उताणे निजवले, गुडघे वर घ्यायला लावले. पुष्पा तिचे डोके मांडीवर घेऊन बसली आणि पदराने वारा घालू लागली. प्रविणशेठ ट्रक सोडून रिक्षा शोधायला धावले. माझ्या पायाशी एक चिकू येऊन थांबला होता. मी तो बघत होतो, कारण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हते.

रिक्षा दारात आली आणि तिला उचलणार, एवढ्यात संगिताने मोठा श्वास सोडला. "गेला. आत गेला."

डॉक्टरांनी तपासले आणि एवढेच म्हणाले, पुढच्या वेळी जाईलच असे नाही.

चार दिवसांनी, सोमवारी, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चपला काढल्या. चढली नाही.

"चढ ना," पुष्पा म्हणाली.

"परत अठ्ठ्याण्णव असलं तर? वर्ष फुकट गेलं म्हणायचं."

"नसेल गं."

"आणि हा मेला खरा तरी कुठे आहे? याच्यावर एकोणनव्वद आणि तिकडे त्र्याण्णव."

बुधीबाई पाणी पीत होती. तिचा तांब्या अर्ध्यावर थांबला. "किती फरक म्हणालीस?"

"चार."

"बरोबर चार?" बुधीबाईने तांब्या ठेवला, माझ्या दांडीखाली बोट घातले आणि चाचपडले. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला तिथे कोणी हात लावला नव्हता. "हे बघ. चिमणने बांधलेला कडता. लाकडी खोक्याचा. अगं बायांनो, तुम्ही वर्षभर हिच्यातून रिकामं खोकं वजा करताय!"

पुष्पा हसायला लागली. संगिता हसली नाही. बुधीबाईने दातांनी तार उलगडली, शिसे काढले आणि वीस किलोंचे माप पत्र्यावर ठेवून पाहिले. दांडी बरोबर विसावर तरंगली. कित्येक वर्षांनी मी खरे सांगितले होते, आणि मला त्याची भीती वाटली.

"आता चढ."

संगिता चढली. सत्त्याण्णव.

माझ्या पत्र्यावर ती या पायावरून त्या पायावर भार टाकत राहिली. काट्याला ते आधी कळते. दांडी नाचत होती, आकडा स्थिर होत नव्हता आणि तिला तो स्थिर व्हायला नकोच होता. "सत्त्याण्णव," ती म्हणाली. "एवढं सोसून कमावला तो एक किलो."

"डोकं चालव," बुधीबाई म्हणाली. "पहिल्या सोमवारी अठ्ठ्याण्णव वाचलंस, तेव्हा कडता नव्हता का? होता. म्हणजे तू एकशेदोन होतीस. खोकं दोन्ही वेळा तेवढंच. चिकू किती घटला ते बघ."

संगिताने ओठांतल्या ओठांत हिशेब केला. एकशेदोनाचे त्र्याण्णव झाले होते. नऊ किलो खरेच गेले होते. त्यातले चार परत आले.

"म्हणजे पाच अजून गेलेलेच आहेत?"

"मग! ते काय परत यायला पत्ता विचारत फिरतायत का?"

ती खाली उतरली आणि खडूने भिंतीवर सत्त्याण्णव लिहिले. मोठे लिहिले. विजेच्या काट्यापेक्षा मोठे.

यापुढची गोष्ट वेगाने सांगता येणार नाही, कारण ती वेगाने घडली नाही. पहिल्या खेपेला नवलाई होती, टाळ्या होत्या. दुसऱ्या खेपेला सगळ्यांना सवय झालेली असते. कोणी विचारत नाही. पंच्याण्णववर दांडी पाच सोमवार जागची हलली नाही. सहाव्या सोमवारी ती वर गेली. शहाण्णव. उपाशी राहून, चालून, शहाण्णव. संगिताचा चेहरा तसाच झाला, डहाणूहून परतल्यावर होता तसा.

"उतर आता," पुष्पा हळूच म्हणाली. "वाचून झालं."

"थांब जरा," संगिता म्हणाली. "मागच्या खेपेला मी इथूनच पळाले होते."

ती उभी राहिली. दांडी निवांत होईपर्यंत उभी राहिली, भिंतीवर शहाण्णव लिहिले आणि निवडायला जाऊन बसली. पुढचा सोमवार साडेपंच्याण्णवचा निघाला. मी इतके आकडे दाखवले, पण त्या दिवसाच्या शहाण्णवचा मला अभिमान आहे.

परवाच्या सोमवारी दांडी साडेएकोणनव्वदवर तरंगली. कोणी टाळी वाजवली नाही. एकदा फसलेली वखार सावध असते. बुधीबाईने विसाचे माप ठेवून मला पुन्हा तपासले, आणि मला राग आला नाही.

आज सकाळी संगिता पुष्पाला घेऊन डहाणूला गेली. अर्धा किलो म्हणजे काय हो? दोन तांबे पाणी. दुपार झाली. बायकांचे हात चालत होते, डोळे दाराकडे होते. प्रविणशेठ विनाकारण तीनदा माठाकडे येऊन गेले. अडीच वाजता पुष्पा आली. एकटी. हातात संगिताच्या चपला असलेली पिशवी.

"काय गं?" बुधीबाईने विचारले.

पुष्पाचा श्वास लागला होता. "ठेवून घेतलं तिला. उद्या सकाळी ऑपरेशनला पहिला नंबर."

बुधीबाई खाली बसली. मग तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने माझी दांडी.

मित्रांनो, तुमच्या घरात काटा असेल तर महिन्यातून एकदा रिकामा तपासा. त्याच्यावर धूळ साचते, शिसे राहून जाते, तो चुकतो. आणि वजन वाढले म्हणून कोणी काट्याकडे पाठ फिरवून पाणी पीत असेल, तर त्याला हसू नका, भाषणही देऊ नका. तो चढेल तेव्हा शेजारी उभे राहा. आकडा कितीही येवो, दांडी थांबेपर्यंत उभे राहा.