बघायचं, पण बोलायचं नाही

एप्रिलमध्ये नियमांचं नवं पत्रक आलं. विद्यापीठांच्या बास्केटबॉलमध्ये असं पत्रक दर वर्षी येतं आणि दर वर्षी ते मुलींच्या भल्यासाठीच असतं. या खेपेला त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, शाळकरी खेळाडूंना विद्यापीठाच्या कोचनी फोन करायचा तो आतापर्यंत अकरावीच्या सप्टेंबरात. तो आता दहावी संपली की एक जूनलाच करता येणार होता. दुसरं, विद्यापीठातल्या मुलींचा सराव आता उन्हाळ्यातही आठ आठवडे घेता येणार होता. लॉर्ना हेव्हरकॅम्पने पत्रक उभ्याउभ्याच वाचलं आणि तिला सगळ्यात आधी ब्रिन कोपेकीची आठवण झाली. तीन महिने आधी त्या पोरीशी बोलता येणार, म्हणून तिला आनंदच झाला.

लॉर्ना प्लॅट नदीकाठच्या त्या विद्यापीठात अकरा वर्षं सहायक कोच होती. शाळाशाळांतून पोरी हेरायच्या हे तिचं मुख्य काम. ब्रिनला तिने दीड वर्षापूर्वी हेरलं होतं. मक्याच्या कोठारांशिवाय जिथे काही उंच नाही अशा गावची ही सोळा वर्षांची पोर, पाच फूट अकरा इंच, डाव्या हाताने खेळणारी, आणि चेंडू कुठे पडणार हे चेंडूच्या आधी ओळखणारी. गेल्या उन्हाळ्यात ती विद्यापीठाच्या शिबिराला आली होती. उडी मारून खाली येताना गुडघा आत वळू द्यायचा नाही हे शिकवताना लॉर्नाने आपल्या डाव्या गुडघ्यावरची जुनी खूण सगळ्या मुलींना दाखवली होती. "बघा गं, न ऐकणाऱ्यांचं काय होतं ते." बाकीच्या हसल्या होत्या. ब्रिन वाकून ती खूण बघत राहिली होती.

शिबिरात शिकवण्यापुरतं बोललेलं चालतं. एरवी मात्र तोंडाला कुलूप. मेमधल्या शाळकरी क्लबांच्या स्पर्धांना कोचनी यायचं, मैदानाच्या कडेच्या खुर्च्यांवर विद्यापीठाचं नाव छातीवर मिरवत बसायचं, वहीत टिपायचं आणि अळीमिळी गुपचिळी. मुलगी समोर आली तर 'हॅलो' म्हणायचं आणि पाय उचलायचे. आई-बापांशीही तेवढंच. स्पर्धा चालू असेपर्यंत मुलीच्या क्लबच्या कोचशीसुद्धा नाही. चाळीस-पन्नास मोठी माणसं अशी तोंडात गुळणी धरून बसलेली बघितली की नव्या माणसाला हसू येतं. मुलींना येत नाही. त्या मात्र प्रत्येक खुर्चीतला चेहरा वाचत खेळतात.

लॉर्नाला या नियमाचा एकदा चटका बसला होता. मागच्या वर्षी एका मुलीला तिने वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, परवानगीच्या अकरा दिवस आधी. कुणीतरी वर कळवलं. पंधरा दिवस तिला पोरी बघायला बाहेर जायची बंदी झाली. मुख्य कोच गेल स्ट्रिकलंड तेव्हा आवाज न चढवता म्हणाली होती, "लॉर्ना, पुन्हा असं झालं तर केकसुद्धा तूच कापायचा. तुझ्या निरोपाचा."

नव्या पत्रकाने आणखी एक गोष्ट केली होती, ती लॉर्नाच्या उशिरा ध्यानात आली. पूर्वी मुलींना कोचच्या डोळ्यांत भरायला पुरा जुलै मिळायचा. आता फोन एक जूनला, म्हणजे जे काय दाखवायचं ते मेमध्येच. ओमाहा शहरातली स्पर्धा मेच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी होती आणि ती शेवटची होती. एका प्रचंड छताखाली बारा मैदानं, एकाच वेळी बारा शिट्ट्या, तळलेल्या मक्याचा आणि घामाचा वास. तिथे त्या दोन दिवसांत एकही मुलगी दुखतंय म्हणून बाकावर बसायला तयार नव्हती.

शनिवारी दुपारी ब्रिन एका चेंडूसाठी उडाली आणि डाव्या पायावर उतरली. गुडघा आत वळला. फार नाही, जेमतेम. ती उठली, पाय झटकला, हात वर करून ठीक आहे म्हणाली आणि पुन्हा खेळायला लागली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. लॉर्नाच्या आलं. त्यानंतरची दहा मिनिटं तिने चेंडूकडे बघितलंच नाही. पोरगी डाव्या पायावरून जोर घेत नव्हती, वळायचं झालं की लहान लहान पावलं टाकत होती. वीस वर्षांपूर्वी ती स्वतः अशीच दोन दिवस खेळली होती. गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारी आतली दोरी अर्धी तुटलेली असते, तेव्हा थांबलं तर वाचते.

सामना संपल्यावर लॉर्ना हात धुवायला गेली. तिथे नळाशेजारच्या कट्ट्यावर ब्रिन बसली होती, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. पलीकडच्या नळावर दुसऱ्या एका विद्यापीठाची कोच सावकाश हात धूत होती, इतकी सावकाश की जणू शस्त्रक्रियेला निघाली होती.

"हॅलो कोच," ब्रिन म्हणाली.

"हॅलो ब्रिन."

"उद्या सकाळी नऊला आहे आमची मॅच. तीन नंबरवर."

लॉर्नाने मान हलवली. मान हलवणं नियमात बसतं की नाही, हा विचारही तिच्या मनात येऊन गेला, आणि त्याची तिला पुढे किती तरी दिवस लाज वाटली. ब्रिनने पिशवी बाजूला केली. गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली होती, पाव फुगावा तसा सगळा गुडघा फुगला होता.

"आता जरा कमी वाटतंय," ब्रिन म्हणाली. मग तिने वर बघितलं. "उतरेल ना हो उद्यापर्यंत?"

पलीकडचा नळ बंद झाला. लॉर्नाने गुडघ्याकडे बघितलं, चांगलं क्षणभर बघितलं. मग कागद ओढून हात पुसले, पोरीकडे बघून हसली आणि बाहेर पडली.

बाहेर येऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. नियम आहे, तिने स्वतःला सांगितलं. शेजारी ती बया कान देऊन उभी होती. पोरीला आई आहे, क्लबचा कोच आहे, ते बघतील. हे सगळं खरं होतं.

पण संध्याकाळी गेलचा फोन आला, आणि तिथे कुठलाही नियम आड येत नव्हता.

"तुझी ती कोपेकी उद्या खेळतेय ना?" गेलने विचारलं. "चार तास गाडी हाकत येणार आहे मी. दीड वर्ष डोकं खाल्लंयस माझं तिच्यावरून. एकदा बघू तरी दे."

"खेळतेय," लॉर्ना म्हणाली.

"कशी आहे?"

"तुम्हीच बघा, कोच."

खरं कारण हे होतं. मेनंतर गेलला ब्रिन बघायला मिळाली नसती, आणि न बघता गेलने एक जूनच्या फोनच्या यादीत कुणालाही घेतलं नसतं. ब्रिन लॉर्नाची होती, तिने शोधलेली, तिने लावून धरलेली. अकरा वर्षांत असा एकच दाणा हाती लागला होता. पोरीने उद्याचा एक दिवस काढावा, असं लॉर्नाला वाटत होतं. अगदी ब्रिनला वाटत होतं तितकंच.

रविवारी ब्रिन गुडघ्याला काळी पट्टी आवळून आली. पहिल्या अर्ध्यात तिने चौदा गुण केले. गेल एकदा "हं," म्हणाली, आणि गेलचं हं म्हणजे दुसऱ्याची टाळी. शेवटची सहा मिनिटं उरली असताना ब्रिन बास्केटच्या कड्यावर आपटून परतलेल्या चेंडूसाठी उडाली, चेंडू धरला आणि खाली आली. गुडघ्याचा आवाज खुर्च्यांपर्यंत ऐकू आला. ती ओरडली नाही. आधी चेंडू तिने शेजारच्या मुलीकडे दिला आणि मग खाली पडली.

तिची आई डार्ला पायऱ्या उतरून धावत आली. नियमांनी बांधलेली चाळीस माणसं खुर्च्यांवर बसून होती. मग एक उठला, वही मिटली, पाच नंबरच्या मैदानाकडे निघाला. मग दुसरी उठली. पाच मिनिटांत ती रांग निम्मी झाली.

"वाईट झालं," गेल म्हणाली आणि पर्स उचलली. "चल, पाच नंबरवर लिंकनहून आलेली ती उंच पोरगी आहे."

लॉर्ना उठली आणि तिच्या मागून गेली.

सोमवारी ती डेल्मर व्हॉसच्या खोलीत गेली. नियम कुणी मोडत नाही ना हे बघणं हे डेल्मरचं काम, साठीचा शांत माणूस, टेबलावर नेहमी अर्धा खाल्लेला डोनट. तिने एखाद्या तिसऱ्याच्याच गोष्टीसारखं विचारलं, "समज, एखाद्या कोचने मुलीला सांगितलं, बाई, तुझा गुडघा डॉक्टरला दाखव. मेमध्ये. तर?"

"तर काय?"

"नियम मोडला ना."

डेल्मरने चष्मा काढला. "मोडला. मग तिने मला अर्ध्या पानाचं पत्र लिहायचं, मी ते वर पाठवायचं, आणि ते कुणीतरी फायलीत लावून विसरून जायचं. अगं, माणुसकीसाठी कुणाची नोकरी गेलीय का इथे? दर महिन्याला येतात असली पत्रं." त्याने तिच्याकडे निरखून बघितलं. "का गं?"

"काही नाही. नव्या सहायकांना समजावून सांगायचं होतं."

अर्धं पान. गाडीत बसून तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायचा प्रयत्न केला, पण तेवढंही तिला जमलं नाही. तिला फक्त स्वतःची किळस आली.

एक जूनच्या सकाळी गेलने बारा नावांची यादी टेबलावर ठेवली. जेवायच्या आधी सगळे फोन झाले पाहिजेत, कारण त्याच सकाळी देशभरचे कोच त्याच पोरींना फोन करत असतात आणि पहिला फोन कुणाचा आला हे पोरी आयुष्यभर लक्षात ठेवतात. चौथ्या नावावर काट मारलेली होती.

"कोच, कोपेकी," लॉर्ना म्हणाली.

"दोरी तुटलीय, हाडांमधली गादीही फाटलीय. वर्ष जाणार, कदाचित जास्त."

"ती इथे यायला अजून दोन वर्षं आहेत."

"दोन वर्षांनी ती कशी खेळेल हे तू सांगशील मला?" गेलचा आवाज मऊ होता, आणि म्हणून ऐकवत नव्हता. "तेव्हा मी दुसऱ्या विद्यापीठातून आयती बावीस वर्षांची बाई आणीन, जूनमध्ये आणीन, आठ आठवडे सराव घेईन आणि नोव्हेंबरात उतरवीन. आता हे नियमात आहे. माझी नोकरीही एकेका वर्षाची असते, लॉर्ना. तू तिला फोन करू नकोस. उगाच आशा लागते पोरांना."

गेल आत गेली. लॉर्नाने पहिले तीन फोन केले. मग चौथा लावला.

पहिल्या घंटीलाच उचलला.

"हॅलो कोच! मला माहीत होतं पहिला फोन तुमचाच येणार. आई म्हणत होती, कुणी करणार नाही आता. मी म्हटलं, बघच तू."

"कशी आहेस गं?"

"मस्त. म्हणजे, कुबड्या आहेत. गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा मुरगळला तेव्हाच आली असतीस तर ऑपरेशन लागलंही नसतं कदाचित. आई मग फारच चिडली. मी तिला सांगितलं, आई, कोचनी बघितला होता गुडघा." ती हसत बोलत होती, तक्रारीचा सूरही नव्हता. "शनिवारी, नाही का? तुम्ही नीट बघितलंत. बोलायला तुम्हाला परवानगी नाही ते मला माहितीये. पण तुमचाही तोच गुडघा ना. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, काही गंभीर असतं तर तोंडावर दिसलं असतं. तुम्ही तर हसलात. मग मी म्हटलं, चला, खेळायला हरकत नाही."

लॉर्नाने डोळे मिटून घेतले. मला कळलं होतं, एवढेच तीन शब्द होते. परवानगीही होती.

"आणखी कुणाचे फोन आले?" तिने विचारलं.

"अजून नाही. पण दहाच तर वाजलेत." ब्रिन थांबली. "मग कोच, भेटीला कधी येऊ? कुबड्यांवर आले तरी चालेल ना? मला फक्त बघायचंय सगळं."

"आधी ऑपरेशन होऊ दे. डॉक्टर काय म्हणतात ते कळव," लॉर्ना म्हणाली. "मग बघू आपण."

हे वाक्य या धंद्यात सगळे वापरतात. ते नाही म्हणायला वापरतात, आणि सोळा वर्षांच्या मुलींनाही ते कळतं, कारण त्यांच्या मोठ्या बहिणींना आणि मैत्रिणींना ते ऐकवलं गेलेलं असतं.



"बरं," ब्रिन म्हणाली. "फोन केलात त्याबद्दल थँक्यू, मॅडम."

दीड वर्षात पहिल्यांदाच तिने कोच म्हटलं नाही. फोन बंद करायला ती विसरली असावी, कारण मागून डार्लाचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "काय म्हणाल्या गं?"

"काही नाही. चौकशी करत होत्या," ब्रिन म्हणाली. "चांगल्या आहेत त्या, आई. उगाच चिडू नकोस त्यांच्यावर."

मग फोन बंद झाला. आतल्या खोलीतून गेलने विचारलं, किती झाले. लॉर्ना म्हणाली, तीन. मग तिने यादीवरच्या पाचव्या मुलीचा नंबर लावला.